पाळवणकर बाळू : मैदानावर आणि मतदानांत



‘फैजपूरची काँग्रेस’ हे शब्द जळगांव-धुळ्याकडील जुन्या कुटुंबांत अजूनहि ऐकूं येतात. १९३६ सालच्या डिसेंबरच्या २७ व २८ तारखांस तें अधिवेशन भरलें. शहर सोडून खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें तें पहिलें अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनीं बांबू आणि असेंच खेड्यांत मिळणारें साधें साहित्य घेऊन तेथील नगर सजविलें होतें. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखीं खानदेशी माणसें त्यासाठीं खपलीं होतीं. परंतु त्या थंडीच्या दिवसांत मंडपांतील बहुतेकांचें लक्ष पुढील फेब्रुवारीकडे लागलेलें होतें. १९३५ च्या कायद्यान्वयें प्रांतिक विधिमंडळांच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या, आणि फैजपुराहून परतलेला कार्यकर्ता आपापल्या तालुक्यांत मतदारांच्या दारीं जाणार होता.

त्याच निवडणुकींत मुंबई शहरांतील भायखळा-परळ भागांतल्या राखीव जागेसाठीं काँग्रेसनें जो उमेदवार दिला, त्याचें नांव त्या काळच्या प्रत्येक क्रिकेटप्रेमी घरांत ठाऊक होतें. वयानें साठी ओलांडलेला, अंगानें सडपातळ, बोलण्यापेक्षां हाताच्या कसबाबद्दल प्रसिद्ध असलेला असा तो गृहस्थ. नांव बाळू बाबाजी पाळवणकर. आणि त्याचे प्रतिस्पर्धी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या तरुणानें या खेळाडूच्या सत्कारांत भाग घेतला होता, त्याच्याच विरुद्ध त्या खेळाडूस उभें राहावें लागलें. हा योग कसा आला, तें पाहण्यासाठीं बरेंच मागें जावें लागतें.

पाळवणकरांचें मूळ गांव कोंकणांतील पाळवण. जात चर्मकार. वडील लष्कराच्या सेवेंत होते. आंबेडकरांचे वडीलहि लष्करांत सुभेदार होते, आणि त्यांचेंहि मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांतच. त्या काळीं अस्पृश्य समजल्या गेलेल्या जातींतील मुलांस अक्षरओळख आणि बाहेरचें जग दाखविणारी जी एक वाट होती, ती पलटणीच्या छावणींतून जात होती. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. वाढले मात्र ते पुण्यास. तेथील गोरे अधिकारी जें क्रिकेटचें साहित्य टाकून देत, त्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम खेळूं लागले. मोडकी बॅट, शिवण उसवलेला चेंडू. एवढ्यावर विद्यारंभ झाला.

पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबांत. मैदान झाडणें, खेळपट्टीवर रोलर फिरविणें, आणि सभासदांच्या लहरीप्रमाणें केव्हां तरी त्यांस चेंडू टाकणें. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत गेले. तेथें महिना ४ रुपये. काम तेंच, जाळीं उभारणें आणि टेनिसच्या अंगणावर चुन्याच्या रेघा ओढणें यांची त्यांत भर. याच ठिकाणीं एका गोऱ्या सभासदानें त्यांच्या हातीं चेंडू दिला आणि सरावासाठीं गोलंदाजी करावयास सांगितलें. त्या दिवसापासून बाळूंचें आयुष्य बदललें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ती गोलंदाजी कशी होती? बाळू डावखुरे आणि संथ गतीचे गोलंदाज. असा गोलंदाज जेव्हां उजव्या हाताच्या फलंदाजास चेंडू टाकतो, तेव्हां चेंडू प्रथम त्याच्या पायांच्या रोखानें येतो असें वाटतें. टप्पा पडतो आणि चेंडू बाहेरच्या अंगास वळूं लागतो. फलंदाजाची बॅट जेथें जाते तेथून तो चार अंगुळें दूर निघून जातो. असे पांच-सहा चेंडू झाले कीं फलंदाज वळण गृहीत धरून चालूं लागतो, आणि तेवढ्यांत एक चेंडू मुळींच न वळतां हाताच्या झोंकासरशीं सरळ आंत शिरतो व यष्टी घेऊन जातो. दिसावयास सगळे चेंडू सारखेच. उंची थोडी कमी-जास्त, गति थोडी कमी-जास्त. यांतील कोणतीहि गोष्ट एकदां-दोनदां साधणें अवघड नाहीं. तासन् तास, दिवसामागून दिवस, पाहिजे त्याच वितीवर टप्पा पाडणें हें खरें अवघड. आणि बाळूंस तर तासन् तास चेंडू टाकण्याचीच नोकरी होती.

पूना क्लबांत त्या वेळीं ग्रेग नांवाचे एक लष्करी अधिकारी होते. इंग्लंडांतील हॅम्पशायर परगण्याकडूनहि ते खेळत. शरीरानें लहानसर, परंतु पायांचे चपळ. त्या काळच्या हिंदुस्थानांतील उत्तम फलंदाजांत त्यांची गणना होई. (हेच ग्रेग पुढें म्हातारपणीं रोमन कॅथॉलिक धर्मोपदेशक झाले.) इतर सभासद येण्यापूर्वीं तासभर अगोदर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनीं त्यांस बाद केलें कीं ते दर वेळीं आठ आणे देत, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. चार रुपये पगाराच्या माणसास आठ आणे म्हणजे जवळ जवळ चार दिवसांची कमाई होते, एवढा हिशेब कोणीहि करून पाहावा. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. इतक्या साहेबांस त्यांनीं इतका सराव दिला, पण पूना क्लबाच्या जाळ्यांत बाळूंच्या हातीं बॅट कोणी दिली नाहीं. नोकरानें चेंडू टाकावयाचा, फलंदाजी साहेबांनीं करावयाची, ही वांटणी ठरलेली होती.

जाळ्यांत रोज चेंडू टाकणारा हा नोकर वस्तुतः शिक्षक असतो. फलंदाजाचें मर्म कोठें आहे, कोणत्या टप्प्यास त्याचा पाय अडखळतो, हें इतर कोणापेक्षांहि त्यास अधिक कळतें. आणि त्याच जागीं पुनः पुनः चेंडू टाकून तो दोष घालवून घेणें हेंच त्याचें काम. शाळेंत हेंच काम करणाऱ्यास लोक गुरुजी म्हणतात. बाळूंस तें नांव कोणी दिलें नाहीं. परंतु त्यांच्या शिकवणुकीचा दाखला त्यांच्या घरांतच आहे. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिघेहि धाकटे बंधु पुढें हिंदु संघाकडून खेळले. एका घरांतील चार सख्खे भाऊ त्या काळच्या सर्वांत मोठ्या सामन्यांत उतरावे, आणि तेंहि अशा घरांतील कीं ज्यास शहरांतील विहिरीवर पाणी भरण्याची बंदी, हें थोरल्या भावाचा रोजचा वस्तुपाठ डोळ्यांपुढें असल्यावांचून कसें घडणार?

पुण्यांतील हिंदु क्लबापुढें लवकरच एक पेंच उभा राहिला. साहेबांच्या संघास हरवावयाचें, तर साहेबांनाच ज्याची धास्ती तो गोलंदाज आपल्याकडे घेतला पाहिजे. आणि घ्यावा, तर सोंवळ्याचें काय? पुष्कळ वादविवाद झाल्यावर बाळूंस घेण्यांत आलें. तडजोड अशी निघाली कीं मैदानावर सर्वांनीं एकाच चेंडूस हात लावावयाचा. चहाच्या वेळीं मात्र इतर खेळाडूंनीं आंत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घ्यावयाचा, आणि बाळूंनीं बाहेर उभें राहून, प्यायल्यावर फेंकून देण्याच्या मातीच्या भांड्यांतून. त्यांस तोंड धुण्यास पाणी लागलें तर क्लबाचा दुसरा एक अस्पृश्य नोकर तें आणून कोपऱ्यांत देई. जेवण वेगळ्या पानावर. ज्या हातांनीं सामना जिंकून दिला त्याच हातांस कपबशी वर्ज्य! चेंडू विटाळत नाहीं आणि कपबशी मात्र विटाळते, हें तर्कशास्त्र कोणत्या ग्रंथांत आहे, हें त्या मंडळींपैकीं कोणासहि सांगतां आलें नसतें.

१८९६ च्या सुमारास पुण्यांत प्लेगनें हाहाकार उडविला आणि बाळू मुंबईस गेले. तेथें परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याच्या वतीनें ते खेळूं लागले, पुढें बी. बी. सी. आय. रेल्वेंत नोकरीहि लागली. मुंबईच्या क्रिकेटांत तोंवर युरोपियन आणि पारशी असे दोनच पक्ष मोठे मानले जात. हिंदूंचा सामना युरोपियनांशीं झाला तो १९०६ च्या फेब्रुवारींत. हिंदूंच्या पहिल्या डावांत २४२ धावा, युरोपियनांच्या १९१. हिंदूंच्या दुसऱ्या डावांत १६०. आणि मग युरोपियनांचा सबंध संघ १०२ धावांत संपला. हिंदु १०९ धावांनीं विजयी झाले. बाळूंनीं दोन्ही डाव मिळून ८ गडी बाद केले. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. बंगालच्या फाळणीस चार महिने झालेले. त्या जयाचा आनंद क्रिकेट न समजणाऱ्यांसहि झाला असल्यास नवल नाहीं. याच सुमारास मुंबईच्या हिंदु जिमखान्यांत बाळू व शिवराम इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसून जेवूं लागले. पुण्यांतील मातीच्या भांड्यापासून मुंबईतील या पंक्तीपर्यंतचें अंतर तोडावयास दहा-बारा वर्षें लागलीं.

१९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखालीं सर्व हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ इंग्लंडास गेला. संघाची कामगिरी सामान्यच. २३ सामन्यांपैकीं १५ गमावले, ६ जिंकले. परंतु बाळूंनीं त्या एका उन्हाळ्यांत ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्या आंत, आणि तेंहि खांदा दुखत असतां. वय पस्तिशीच्या पुढें गेलेलें. ओलसर, अनोळखी खेळपट्ट्या. इंग्लंडांतील पत्रांनीं त्यांची मनापासून वाहवा केली. परत आल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारांत पुढाकार घेणाऱ्या तरुणांत एल्फिन्स्टन कॉलेजचा वीस वर्षांचा एक विद्यार्थी होता. त्याचें नांव भीमराव रामजी आंबेडकर. त्या पिढीच्या अस्पृश्य तरुणांस, आपल्यापैकीं एकानें गोऱ्यांच्या देशांत जाऊन नांव मिळविलें, हा केवढा आधार होता याची कल्पना आज करणें कठीण आहे. बॅरिस्टर व्हावयास, डॉक्टर व्हावयास अजून पुष्कळ अवकाश होता. त्या घटकेस त्यांच्याजवळ एक डावखुरा गोलंदाज होता.

इतकें झालें तरी एक दार बंदच राहिलें, तें कप्तानपदाचें. १९०७ सालीं सुरू झालेले तिरंगी सामने १९१२ पासून मुसलमानांचा संघ आल्यामुळें चौरंगी झाले. वर्षामागून वर्षें गेलीं. संघांत बाळूंहून ज्येष्ठ आणि अनुभवी कोणी नव्हतें. परंतु कप्तान निवडण्याची वेळ आली कीं जिमखान्याच्या चालकांस दुसरें एखादें नांव सुचे. एम. डी. पै हे सारस्वत गृहस्थ कप्तान झाले तेव्हां त्यांनीं स्वतःच, हा मान माझे ज्येष्ठ मित्र बाळू यांचा होता, अशा आशयाचें जाहीर उद्गार काढले. पैंचा हा मोठेपणा लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

येथें इंग्लंडांतील एक रूढि सांगितली पाहिजे. तेथेंहि त्या काळीं पैसे घेऊन खेळणारा आणि हौसेखातर खेळणारा अशा दोन जाती होत्या. हौशी खेळाडू ‘जंटलमन’, पोटासाठीं खेळणारा नुसता ‘प्लेयर’. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या. पुष्कळ मैदानांवर आंत येण्याचीं फाटकेंहि निराळीं. धंदेवाईक खेळाडूस इंग्लंडच्या संघाचें नियमित कप्तानपद विसाव्या शतकांत मिळालें तें १९५२ सालीं, लेन हटन यांस. आणि हा भेद कागदोपत्रीं नाहींसा झाला १९६२ सालीं. म्हणजे बाळूंच्या वाट्यास एकावर एक अशा दोन भिंती आल्या होत्या. एक पगाराची, दुसरी जातीची. पहिली इंग्लंडांत पिढी-दोन पिढ्यांत चढून जातां येई. खेळपट्टी राखणाऱ्या नोकराचा मुलगा तेथें विद्यापीठांत जाऊन ‘जंटलमन’ होऊं शकला असता. दुसरीस असा दरवाजा नव्हता.

१९२० सालच्या चौरंगी सामन्यांत ही गोष्ट हातघाईवर आली. बाळूंस संघांतूनच वगळलें, आणि कप्तानपदासाठीं विठ्ठलाचाहि विचार झाला नाहीं. विठ्ठल तोंवर हिंदूंच्या उत्तम फलंदाजांत गणला जात होता. विठ्ठल आणि शिवराम या दोघां भावांनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि आपली तक्रार जाहीरपणें मांडली. आम्हांस मेहेरबानी नको, न्याय पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. वर्तमानपत्रांतून खळबळ उडाली. असहकारितेचें वर्ष, अस्पृश्यता हा हिंदु समाजावरील कलंक आहे असें गांधीजी सभांतून सांगत होते. जिमखान्यास नमतें घ्यावें लागलें. पुढील सामन्यासाठीं दोघे बंधु परत आले. बाळूंस संघांत घेऊन उपकप्तान नेमलें. आणि कप्तान पै कांहीं वेळ मैदान सोडून आंत गेले, म्हणजे तेवढा काळ संघाचीं सूत्रें बाळूंच्या हातीं राहिलीं. त्यांच्या सबंध कारकीर्दींत कप्तानपद त्यांच्या वाट्यास आलें तें एवढेंच.

तीन वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल पाळवणकर हिंदु संघाचे कप्तान झाले, आणि त्या वर्षीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले. थोरल्यास जें मिळालें नाहीं तें धाकट्यास मिळालें. विठ्ठलरावांनीं पुढें १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मचरित्र लिहिलें. क्रिकेटची जुनी हकीगत मराठींत वाचूं इच्छिणारानें तें मिळाल्यास अवश्य वाचावें.

आतां राजकारण. खेळ संपल्यावर बाळूंनीं समाजकार्यांत लक्ष घातलें, आणि त्या काळीं अस्पृश्यांचें समाजकार्य राजकारणापासून वेगळें राहणें शक्यच नव्हतें. १९३२ च्या ऑगस्टमध्यें ब्रिटिश सरकारनें जातीय निवाडा जाहीर केला. त्यांत अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ होते. म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीस निवडून देणारे मतदारहि तेच असावयाचे. गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत २० सप्टेंबरपासून प्राणांतिक उपोषण आरंभिलें, आणि २४ तारखेस पुणें करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागीं राखीव जागा आल्या. प्रांतिक विधिमंडळांत निवाड्यानें दिलेल्या ७१ जागांऐवजीं १४८ जागा ठरल्या. त्यांपैकीं मुंबई इलाख्याच्या वाट्यास १५ आल्या. परंतु त्या राखीव जागेवर कोण यावा, हें त्या विभागांतील सर्व हिंदु मतदार मिळून ठरविणार होते. या करारावर सह्या करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर आहेत, एम. सी. राजा आहेत, राजगोपालाचारी आहेत, आणि ‘पी. बाळू’ अशीहि एक सही आहे. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. ज्या पुण्यांत महिना ४ रुपयांवर त्यांनीं रोलर ओढला, त्याच पुण्यांत ही सही झाली. त्याच वर्षीं जून महिन्यांत हिंदुस्थानचा संघ लॉर्ड्सच्या मैदानावर आपला पहिला कसोटी सामना खेळला होता. बाळूंच्या दृष्टीनें वीस वर्षें उशिरा.

बाळू असें कां वागले, याचा विचार सहानुभूतीनें केला पाहिजे. त्यांच्यापुरता अनुभव असा होता कीं सवर्ण समाज हळू हळू कां होईना बदलतो. मातीच्या भांड्यापासून पंक्तीपर्यंत, आणि वगळण्यापासून धाकट्या भावाच्या कप्तानपदापर्यंत, हा बदल त्यांनीं प्रत्यक्ष पाहिला होता. आंबेडकरांचा अनुभव निराळा. परदेशांतील पदव्या घेऊन आलेल्या त्या विद्वानास बडोद्यांत राहावयास घर मिळालें नव्हतें; महाडच्या तळ्यावर आणि नाशिकच्या काळाराम मंदिरापाशीं झालेला विरोध त्यांच्यापुढें होता. १९३५ सालीं येवल्यास त्यांनीं धर्मांतराची घोषणा केली, ती बाळूंस पटली नाहीं. दोघांच्या अनुभवांपैकीं एकाचाहि अनुभव खोटा नव्हता. मात्र एक भेद उरतो: मैदानावर धावा आणि बळी मोजले जातात, तेथें कौशल्य झांकतां येत नाहीं. गांवच्या विहिरीवर तशी धावसंख्या लिहिणारा कोणी नसतो.

१९३३ सालीं बाळू मुंबई म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीस हिंदु महासभेच्या वतीनें उभे राहिले आणि पराभूत झाले. नगरकारभारांत शिरण्याचा त्यांचा तो प्रयत्न तेथेंच थांबला.

मग १९३७. आंबेडकरांनीं १९३६ सालीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. त्यांस विधिमंडळांत येऊं द्यावयाचें नाहीं, असा काँग्रेसचा निर्धार. आणि त्यासाठीं त्यांच्यासमोर उभा करावयाचा माणूस अस्पृश्य समाजांतलाच, शिवाय सर्व जातींच्या लोकांस प्रिय असा हवा. असा माणूस मुंबईत एकच होता. बाळूंची स्वतःची फारशी इच्छा नव्हती, असें सांगतात. ती नसावी, हेंच स्वाभाविक वाटतें. पक्षाच्या दृष्टीनें निवड मोठी चतुर होती. त्या वृद्ध खेळाडूच्या दृष्टीनें ती कितपत दयाळूपणाची होती, हें ज्याचें त्यानें ठरवावें. कप्तानपद देण्याच्या वेळीं जो समाज वर्षानुवर्षें त्यांस विसरत आला, त्याच्या पुढाऱ्यांस या कामासाठीं मात्र त्यांची अचूक आठवण झाली.

राखीव जागेवर सर्व हिंदु मतदारांचीं मतें पडतील तर सवर्णांस पसंत असा अस्पृश्य उमेदवार निवडून येईल, आणि जो आपल्या समाजासाठीं भांडतो तो मागें पडेल, हीच तर आंबेडकरांची १९३२ सालची हरकत होती. पांच वर्षांनीं त्या हरकतीची परीक्षा मुंबईत झाली, आणि परीक्षेचें साधन झाले ते करारावर सही करणारे बाळू. मतमोजणी झाली. आंबेडकरांस १३,२४५ मतें मिळालीं, बाळूंस ११,२२५. फरक २,०२० मतांचा. आंबेडकर संयुक्त मतदारसंघांतूनहि निवडून आले. परंतु बाळूंस पडलेलीं सव्वा अकरा हजार मतें पाहतां, हरकत अगदींच निराधार होती असेंहि म्हणतां येत नाहीं. त्याच निवडणुकींत इकडे पूर्व खानदेशांतून आंबेडकरांच्या पक्षाचे दौलतराव जाधव निवडून आले. फैजपूरच्या जिल्ह्यांत हें घडलें, ही गोष्ट आपल्याकडील लोकांनीं विसरूं नये.

अशाच एका दुसऱ्या खेळाडूची आठवण येथें होते. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन हेहि गुलामांच्या वंशांतले, आणि धंदेवाईक क्रिकेटपटू. १९२९ पासून ते इंग्लंडांतील नेल्सन या गिरणगांवांत पगारी खेळाडू म्हणून राहिले. क्लबांतील तरुणांस शिकविणें हा त्या नोकरीचाच भाग असे. १९४३ सालीं लंडनच्या एका हॉटेलानें वर्णामुळें त्यांस राहूं दिलें नाहीं, तेव्हां त्यांनीं फिर्याद केली आणि ती जिंकली. पुढें मायदेशीं जाऊन १९५६ सालीं ते निवडून आले, मंत्री झाले, आणि १९६९ सालीं उमराव म्हणून इंग्लंडच्या सरदारसभेंत बसले. कॉन्स्टंटाइन यांस आपल्या लोकांनीं काढलेल्या पक्षाचें बळ मिळालें. बाळूंचे लोक ज्या पक्षाच्या मागें उभे राहत होते, त्याच्या पुढाऱ्याविरुद्धच त्यांस खेळावें लागलें.

निवडून आल्यावर पांच महिन्यांनीं, १९३७ च्या ३१ जुलैस, एका खटल्याच्या कामानिमित्त डॉ. आंबेडकर धुळ्यास आले. लळिंग किल्ल्याजवळील लांडोर बंगल्यांत त्यांचा मुक्काम झाला. दर वर्षीं त्या तारखेस हजारों माणसें भर पावसांत तेथें जमतात, हें धुळेकरांस सांगावयास नको. त्यानंतर दहा वर्षांनीं, अमळनेरच्या शाळेंत ज्यांनीं मुलांस शिकविलें त्या साने गुरुजींनीं पंढरपूरचें मंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून मे १९४७ मध्यें उपोषण केलें. बाळूंसाठीं हिंदु जिमखान्याची पंगत उघडल्याला तोंवर चाळीस वर्षें झालीं होतीं.

बाळूंनीं प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१ धावांस एक. हे आंकडे आजच्या कोणत्याहि गोलंदाजास भूषण वाटावे असेच आहेत, आणि त्यांतील कित्येक सामने त्यांनीं चाळिशीच्या उंबरठ्यावर खेळलेले आहेत.

१९५५ सालीं भारताच्या संसदेनें अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा केला. १ जूनपासून तो अमलांत आला. सार्वजनिक उपाहारगृहांत सर्वांच्या उपयोगासाठीं ठेवलेलीं भांडीं वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास मनाई करणें हा त्या कायद्यानें शिक्षेस पात्र असा अपराध झाला. ४ जुलै १९५५ रोजीं पाळवणकर बाळू मुंबईस वारले.